वाकड्या रेकॉर्डींचं वर्ष

माझं शिक्षण मराठी तिसरीपर्यंत. चौथीत बसलो, पण पुरी केली नाही. तरीही कंपनीबद्दल लिहायला बसलोय, कारण शिकलेली माणसं तिच्याबद्दल जे बोलतात ते मला पटत नाही. परवा एका गृहस्थानं मला तोंडावर सांगितलं, की ती साहेबाची कंपनी, गळा आपला आणि नफा विलायतेचा. असेल. नफ्याचं मला कधी कुणी विचारलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. पण मी त्या कंपनीचा माल धुळ्यात बारा वर्षं विकलाय. ज्यानं नुसती रेकॉर्ड ऐकली, त्यानं मला कंपनी शिकवू नये.

कंपनीचं नाव लिहीत नाही. ज्यांच्या घरात चावीचा बाजा, म्हणजे ग्रामोफोन, होता त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांच्या घरात नव्हता त्यांना सांगून उपयोग नाही.

कंपनीचा इतिहास मला तिच्या फिरत्या साहेबानं सांगितला, तोही एका बैठकीत नाही. साहेब म्हणजे मुंबई ऑफिसचा माणूस, आपलाच, कोकणातला. पांढरी पँट, डोक्यावर टोपी, दर दोन महिन्यांनी यायचा. दुकानातल्या बाकावर बसून चहा पिता पिता सांगायचा. पहिल्यांदा म्हणे विलायतेहून दोन-तीन गोरे पेट्या घेऊन बोटीनं आले. हॉटेलच्या खोलीत भोंगा लावला, गाणाऱ्याला त्या भोंग्यात तोंड घालून गायला लावलं आणि आवाज मेणावर कोरला. ते मेण बोटीनं परत नेलं. तिकडे रेकॉर्ड तयार व्हायची आणि पुन्हा बोटीनं इकडे विकायला यायची. एक गाणं दोनदा समुद्र ओलांडायचं. मग कंपनीच्या ध्यानात आलं, की गाणारा इथला, ऐकणारा इथला, आणि रेकॉर्ड ज्या लाखेची होते ती लाखही इथल्याच झाडांवरची. मग कलकत्त्याला कारखाना घातला. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र मळून, तापवून, दाबून रेकॉर्ड काढायची. साहेबानं कारखाना पाहिला होता. गरम लगदा यंत्रात ठेवतात, वरून दाब येतो, आणि भाकरी थापावी तशी रेकॉर्ड बाहेर पडते, असं तो म्हणायचा.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आमच्या आग्रा रोडवरचे लोक म्हणायचे, आता गोरा साहेब गाशा गुंडाळणार, तुमच्या दुकानाला टाळं. आमचे शेठ घाबरले होते. मी नाही. मी म्हटलं, ज्यानं मेण बोटीतून नेऊन गाणं परत आणलं तो एवढ्यानं जात नाही. कंपनी गेली नाही. देशाची फाळणी झाली तसे तिचे निम्मे दुकानदार सरहद्दीपलीकडे राहिले. साहेब म्हणायचा, आमच्या नकाशाला कात्री लागली. ऑफिसातल्या खुर्च्यांवर हळूहळू आपले लोक बसले. पण नव्या रेकॉर्डींची यादी पूर्वी महिन्याच्या ज्या दिवसांत यायची त्याच दिवसांत येत राहिली. मला याचं कौतुक वाटायचं आणि अजून वाटतं. केवढा उलथापालथीचा काळ, पण धुळ्याच्या दुकानाला यादी चुकली नाही.

आमचं दुकान शिलाई मशीन, घड्याळं आणि ग्रामोफोनचं. पश्चिम खानदेशची एजन्सी आमच्याकडे, आणि पूर्व खानदेशातलं अमळनेरही आम्ही सांभाळायचो. शेठ गादीवर, मी ग्रामोफोनच्या मशिनीपाशी. यादीबरोबर नमुन्याची पेटी यायची. त्यातल्या कोणत्या रेकॉर्डी किती मागवायच्या हे ठरवायचं असे. शेठ डोळे मिटून गाणं ऐकायचे. मी गाणं ऐकायचो नाही, रस्त्याकडे बघायचो. टांगेवाल्यानं लगाम ओढला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई पाय घासत चालायला लागली, की ती रेकॉर्ड मागवायची. शेठना आवडलेल्या रेकॉर्डी पडून राहायच्या आणि माझ्या खपायच्या. हे मी त्यांना वेळोवेळी सांगायचोही. त्यांना ते आवडायचं नाही, पण मागवताना माझ्याकडे बघायचे.

कापूस विकला गेला, की शिरपूर, सोनगीर, अमळनेरकडचे शेतकरी बाजा घ्यायला यायचे. एका बाजूला सव्वातीन मिनिटं गाणं, मग चावी भरा, सुई बदला, बाजू पालटा. मी प्रत्येकाला बसवून शिकवायचो. पुरुषांना, म्हणजे. बायका बहुतेक बाहेर बैलगाडीत बसलेल्या असत.

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण झाला आणि वाकड्या रेकॉर्डी यायला लागल्या. पहिल्यांदा एक आली. मशिनीवर लावली तर खड्ड्यातून बैलगाडी जावी तशी सुई वरखाली आणि गाणाऱ्याचा सूर रडका. कंपनीचा नियम असा, की रेकॉर्ड मुळात वाकडी निघाली तर बदलून मिळेल, तसा फॉर्म भरायचा. मी भरला. कंपनीनं काही न विचारता नवी पाठवली. मग सोनगीरकडून सहा आल्या, शिरपूरहून नऊ, अमळनेरहून एकाच घरातल्या पाच. मी गिऱ्हाइकाला एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारायचो. चुलीजवळ ठेवली का. गाडीत उन्हात राहिली का. वर काही जड ठेवलं का. सगळे नाही म्हणायचे, आणि खोटं बोलत नव्हते. मी प्रत्येक फॉर्मवर लिहिलं, मुळात वाकडी. कंपनी बदलून देत राहिली.

मग कलकत्त्याहून पत्र आलं. इंग्रजीत होतं. हायस्कुलातल्या मास्तरांनी वाचून दाखवलं. बाकीच्या साऱ्या मुलखात जेवढ्या वाकड्या रेकॉर्डी परत येतात, त्यापेक्षा जास्त एकट्या खानदेशातून येत आहेत. त्याचं कारण दुकानातच असावं असं आम्हाला वाटतं. आमचा माणूस येऊन पाहील. समाधान झालं नाही तर एजन्सी जळगावच्या दुकानाला द्यावी लागेल.

शेठनी पत्राची घडी घालून ते माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "भाऊ, तू लिहून दिलंस. तूच उत्तर दे."

मी म्हटलं, देतो. माझं मत पक्कं होतं, की दोष त्यांच्या पेटीत आहे. कलकत्त्याहून रेल्वेनं येताना भुसावळला माल उतरतो, तिथं पेट्या आडव्या टाकत असतील. मी शेठना म्हटलं, साहेब येऊ द्या, त्याच्यासमोर पेटी फोडतो.

साहेब रोहिणी नक्षत्रात आला. त्या दिवसांत धुळ्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. त्यानं दुकानाच्या मागच्या खोलीत उष्णतामापक टांगला, दोन दिवस तिथंच ठेवला आणि खोली ठीक आहे म्हणाला. मग आम्ही स्टेशनवर गेलो. त्याच दिवशी आलेली पेटी मी त्याच्यासमोर फोडली. पन्नास रेकॉर्डी, सगळ्या आरशासारख्या सरळ. साहेब माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ही पेटी बरी निघाली. पुढची बघा.

तो हसला. "माल कंपनीचा आहे," म्हणाला, "हट्ट मात्र तुमचा स्वतःचा दिसतो."

त्यानं गिऱ्हाईक दाखवा म्हटलं. सोनगीरच्या पुढे एका खेड्यात माझं जुनं गिऱ्हाईक होतं, सहा रेकॉर्डी परत केलेलं. एस.टी.नं सोनगीरला उतरलो, पुढे अर्धा कोस पायी. साहेबाच्या टोपीतून घाम टपकत होता, पण त्यानं तक्रार केली नाही. घरधनी तालुक्याला गेला होता. त्याची बायको घरात होती, चाळिशीची, तोंडाळ, अक्का म्हणून गावभर ओळखली जाणारी. तिनं पाणी दिलं, गूळ दिला. साहेबानं विचारलं, बाजा कुठं आहे. तिनं कोपऱ्यात दाखवला, वरून फडकं घातलेला. रेकॉर्डी कुठं आहेत विचारलं, तर तिनं बोट वर केलं.

"धाबावर," म्हणाली.

आमच्याकडे घरावर मातीचं सपाट छप्पर असतं, त्याला धाबं म्हणतात. आम्ही शिडीनं वर चढलो. एका बाजूला हरभऱ्याची डाळ पसरलेली, दुसऱ्या बाजूला मिरच्या, कडेनं गोधड्या, आणि मधोमध धुतलेल्या लुगड्यावर ओळीनं मांडलेल्या अकरा रेकॉर्डी. पाकिटातून काढलेल्या, नीट पुसलेल्या. वरून ऊन असं होतं, की मला धाब्यावर पाय टेकवेना. साहेबानं एक रेकॉर्ड उचलली. ती त्याच्या हातात पोळीसारखी लवली.

मी विचारलं, "अक्का, ह्या इथं कशाला?"

"ऊन दखाडाले," ती म्हणाली. "दाय शे, मिरच्या शेतस, गोधड्या शेतस. त्यामा ह्या बी."

आमच्या बायका पाऊस लागायच्या आधी घरातल्या साठवणीच्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात, म्हणजे वर्षभर कीड नाही, बुरशी नाही. हे मला जन्मापासून ठाऊक. ज्या घराची बाई आळशी, तिच्या घरात ऊन दाखवत नाहीत. म्हणजे आमच्या मुलखातल्या चांगल्यातल्या चांगल्या घरांत रेकॉर्डी वाकल्या होत्या, आणि ज्यांनी त्या कोपऱ्यात फेकून दिल्या त्यांच्या सरळ होत्या. आणि मी आजवर प्रश्न विचारला तो पुरुषांना. ते सकाळी शेतात जातात. धाब्यावर काय वाळतंय ते त्यांना काय ठाऊक.

साहेबानं अक्काला विचारलं, रेकॉर्डींना ऊन दाखवा असं कुणी सांगितलं.

ती साहेबाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती.

"या भाऊनीज सांगं," म्हणाली. "मागला आखाडमा घरधनी दुकानमा गयथात. भाऊ म्हने, पुशी ल्या आनि ऊन दखाडा. तवयपासून बठ्ठा गाव दखाडस." बठ्ठा म्हणजे सगळा.

मला आठवलं. आधीच्या आषाढात तिचा नवरा एक रेकॉर्ड घेऊन आला होता, तिच्यावर पावसाची पांढरी बुरशी. दुकानात गर्दी होती. मी मशिनीवरून मान वर न करता म्हटलं होतं, पुसून घ्या, जरा ऊन दाखवा. आषाढातलं ऊन म्हणजे पाच मिनिटांचं. पण सांगितलेलं वैशाखात पोचलं, आणि या गावातून त्या गावात, माहेराहून सासरी. आखाजीला पोरी माहेरी येतात, तेव्हा तर ते अमळनेरपर्यंत गेलं असणार.

मी शिडीनं खाली उतरलो. परतताना एस.टी.त साहेब माझ्या शेजारी बसला, त्यानं हा विषय काढला नाही. हे मी त्याचं मोठेपण समजतो.

दुकानात आल्यावर त्यानं शेठना सगळं सांगितलं. शेठ माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांना फक्त एजन्सीची काळजी होती. साहेब म्हणाला, तुमची माणसं भली आहेत, मी रिपोर्टात लिहितो की या भागाचं हवामान फार कडक आहे, त्यामुळे रेकॉर्डी वाकल्या. दुकानाचा दोष नाही. शेठचा जीव भांड्यात पडला. त्यांनी चहा सांगितला.

मी म्हटलं, असं लिहू नका.

शेठनी माझ्याकडे पाहिलं ते मला अजून दिसतं.

मी म्हटलं, "हवामान मागच्या सालीही हेच होतं. तेव्हा रेकॉर्डी वाकल्या नाहीत. मी सांगितलं म्हणून वाकल्या. तसं लिहा."

शेठ म्हणाले, तुला अक्कल आहे का. हे लिहिलं तर एजन्सी उद्या जळगावला जाईल, आणि तू मशिनीपाशी नाही, घरी बसशील. साहेबानंही समजावलं. मी ऐकलं नाही. सगळ्या फॉर्मांवर मुळात वाकडी असं मी लिहिलं होतं, माझ्या हातानं. त्या हातानं कंपनीला खोटं ठरवलं होतं. शिवाय हवामान लिहिलं तर कलकत्त्याचे लोक समजतील, की खानदेशात रेकॉर्ड टिकतच नाही, आणि बायका पुढच्या वैशाखात पुन्हा धाबं भरतील. माझ्या बोलण्यात राग होता, लाज होती, दोन्ही सारख्याच. पण बोललो ते खरं होतं.

शेवटी साहेब म्हणाला, "लिहितो. पण खाली सही तुमची."

मी सही केली. माझी सही लांबलचक, प्रत्येक अक्षर सुटं. साहेब थांबून राहिला.

त्यानंतर जवळजवळ दोन महिने शेठ माझ्याशी कामापुरतं बोलायचे. पाऊस लागला, आखाड गेला, यादी वेळेवर आली, पण पत्र येईना. जळगावच्या त्या दुकानदाराचा माणूस एकदा आमच्या रस्त्यानं सहज फिरून गेला, आमच्या पाटीकडे बघत. शेठनी मला ते दाखवलं नाही, पण मी पाहिलं.

श्रावणात पत्र आलं. जाडजूड लिफाफा. मास्तरांची शाळा सुटेपर्यंत मी दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. मास्तरांनी आधी मनात वाचलं, मग एकेक ओळ मराठीत सांगितली.

एजन्सीबद्दल पत्रात एकच ओळ होती, की ती आहे तशी राहील. बाकी दोन पानं नुसते प्रश्न होते. रेकॉर्डी उन्हात किती वेळ ठेवतात. सकाळी की दुपारी. कापडावर की उघड्या मातीवर. त्या महिन्यात सावलीत पारा किती चढतो आणि छपरावर किती. बुरशी कोणत्या महिन्यात धरते, पाकिटाच्या कागदावर आधी की रेकॉर्डीवर. शेवटी लिहिलं होतं, की पावसाळ्यात बुरशी न धरणारं पाकीट कारखान्यात करून बघतो, आणि प्रत्येक रेकॉर्डीबरोबर मराठीत सूचना छापून पाठवतो. ती कोणत्या शब्दांत छापली म्हणजे तुमच्याकडच्या बायकांना समजेल, ते तुम्ही कळवावं.

मी मास्तरांना ते शेवटचं पुन्हा वाचायला लावलं. कलकत्त्याला एवढा मोठा कारखाना, हजार माणसं कामाला, इंग्रजी शिकलेली, आणि ते तिसरी शिकलेल्या माणसाला विचारत होते, की शब्द कोणते घालू. त्यांनी मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. चूक पुढं ठेवली होती ती त्यांनी उचलली आणि कामाला लावली. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ दुकानं, पेढ्या, सरकारी कचेऱ्या पाहिल्या. असं करणारी दुसरी पाहिली नाही.

शब्द मला सुचेनात. रेकॉर्ड उन्हात ठेवू नये, हे लिहिलं, पण ते मला पटेना. ऊन दाखवणं हे आमच्याकडे पुण्यासारखं. नुसतं नको म्हटलं तर कोण ऐकेल. म्हणून पुन्हा सोनगीरला गेलो, या वेळी एकटा. अक्का जोंधळा निवडत होती. मी म्हटलं, कंपनी विचारते, बायकांना कसं सांगायचं. ती म्हणाली, हाई काय वस्तू शे ते सांगा पहिले. मी म्हटलं, लाख. तिचा हात सुपातच थांबला.

"लाखनी शे हाई?" म्हणाली. मग स्वतःचा हात पुढे केला, मनगटात लाखेची बांगडी. "मंग पहिलेच सांगानं ना भाऊ. लखारी ही बांगडी निखारावर धरीसन वाकाडस, मन्हा डोयासमोर. लाख उनमा कोनी ठेवस का?"

लखारी म्हणजे बांगडीवाला. त्याच्यासमोर बसून तिनं वीस वर्षं लाख वाकताना पाहिली होती. कारखाना बघितलेल्या साहेबाला जे ठाऊक ते तिलाही ठाऊक होतं. तिला फक्त कुणी सांगितलं नव्हतं, की ही काळी वस्तू तीच आहे. मीच घरधन्याला म्हणायचो, माल कसा दगडासारखा पक्का आहे.

मी जे लिहिलं ते असं. ही लाखेची वस्तू आहे. लाखेच्या बांगडीसारखी जपा. ऊन दाखवू नका. बुरशी धरली तर कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत उभी ठेवा. मास्तरांनी शुद्धलेखन नीट केलं आणि पोस्टात टाकलं.

दिवाळीच्या मालाबरोबर छापील चिठ्ठ्यांचे गठ्ठे आले, गुलाबी कागदाचे. बांगडीचा शब्द तसाच ठेवला होता. एक अक्षर बदललं नव्हतं. शेठनी एक चिठ्ठी हातात घेऊन वाचली, मग दुसरी घेतली, जणू दुसरीत वेगळं काही असेल. मग म्हणाले, आता हे वाटणार कोण.

मी वाटल्या. सुट्टीच्या दिवशी सायकलनं, लांबचं असेल तर एस.टी.नं. ज्यांच्या रेकॉर्डी परत आल्या होत्या त्यांच्या प्रत्येक दारात गेलो. घरधनी हात पुढे करायचा, पण मी चिठ्ठी त्याच्या हातात द्यायचो नाही. म्हणायचो, आतल्यांना बोलवा, मी वाचून दाखवतो. काही जण रागावले. एकानं विचारलं, आमच्या बायकांना तुम्ही काय शिकवणार. मी म्हटलं, शिकवायला नाही आलो, एक चूक परत घ्यायला आलोय. तरी तो ऐकेना, तेव्हा मी त्याच्या ओट्यावर बसून राहिलो. तासाभरानं त्यानं बायकोला हाक मारली.

अमळनेरला एका घरात सासू-सुना चौघीजणी उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. मी चिठ्ठी वाचली, सावकाश, कारण मला भरभर वाचता येत नाही. त्यांच्या घरातल्या पाच रेकॉर्डी त्या वैशाखात वाकल्या होत्या. थोरल्या सुनेनं ऐकून घेतलं, बांगडीचं नाव आलं तशी मान हलवली. मग पदर नीट करून विचारलं, "हाई आम्हले ठाऊक शे भाऊ. मंग आधी काब्र नही सांगं?"

आधी का नाही सांगितलं, असं ती विचारत होती. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली आणि पुढच्या घराचा पत्ता विचारला.